डागडुजीचे नीतिशास्त्र

पावसाळा ओसरला, गच्चीवरचे शेवाळ वाळून काळे पडले, की वसई-विरार पट्ट्यातील घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो. छताला पोपडे आलेले असतात. कुठे सज्जाचा तुकडा खाली येऊन आतला तांबडा गज दिसू लागलेला असतो. अंगणातला कोबा मध्येच खचून तेथे पाणी साचत असते. पायरीचा कोपरा तुटलेला असतो. अशा वेळी नुसती डागडुजी करावी, की सारे काढून नव्याने घालावे? हा प्रश्न गवंड्याला विचारला जातो, फार तर अभियंत्याला. धर्मगुरूला तो कोणी विचारीत नाही आणि ते योग्यच आहे. सिमेंट-रेतीचे प्रमाण सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. तथापि या प्रश्नाचा एक भाग असा आहे, की तो गवंड्याच्या थापीने सुटत नाही. दोष एकाने केला असता तो दुसऱ्याने का निस्तरावा? जे डोळ्यांना दिसत नाही ते शोधून पाहण्याचे बंधन आपल्यावर कितपत आहे? दुरुस्त होण्याजोगे काय आणि पाडून टाकण्याजोगे काय, हे कोणी व कसे ठरवावे? हे प्रश्न नीतिशास्त्राच्या प्रांतातले आहेत आणि त्यांचाच थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम हा रोग होतो कसा, ते समजून घेऊ. काँक्रीट हे दाबाला खंबीर, पण ताणाला दुबळे. म्हणून त्याच्या पोटात लोखंडी गज घालतात. जोसेफ मोनिए नावाच्या एका फ्रेंच माळ्याने लोखंडी जाळी घालून सिमेंटच्या कुंड्या केल्या आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. माळीकामातून वर आलेल्या या युक्तीने पुढे आमच्या वाड्यांच्या आणि केळीच्या वसईचा चेहरामोहराच पालटावा, हा एक योगायोगच. असो. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२-१३ च्या घरात असतो. त्यामुळे गजावर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा धरतो आणि तो शाबूत आहे तोवर गज गंजत नाही. या पापुद्र्याचे वैरी दोन. एक, हवेतील कार्बन डायऑक्साइड. तो वर्षानुवर्षे हळूहळू आत झिरपून काँक्रीटचा अल्कधर्म कमी करतो. दुसरा, मीठ. मिठातील क्लोराइड गजापर्यंत पोहोचले की पापुद्र्याला छिद्रे पडतात. मग पाणी आणि हवा आपले काम करतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. त्याला जागा हवी असते, ती मिळत नाही, म्हणून तो आतून ढकलतो आणि भोवतालचे काँक्रीट तडकून सुटते. याचा अर्थ असा, की छताचा तुकडा जेवणाच्या ताटाशेजारी पडतो तेव्हा रोगाची सुरुवात झालेली नसते. रोग कित्येक वर्षे चालू असतो. त्या दिवशी तो फक्त प्रकट होतो.

आमच्या भागात मिठाला तोटा नाही. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख आणि अंगाशी मिठागरे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ थोपवणे कोणाच्याच हाती नाही. परंतु काही मीठ आम्ही माणसांनी स्वतःच्या हाताने आत घातले आहे. १९९० साली सिडकोची या टापूचे नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, २००९ साली महानगरपालिका आली. दरम्यान इमारती ज्या वेगाने उभ्या राहिल्या, त्या वेगाने पाण्याच्या योजना आल्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १२ लाखांवर गेलेली होती. ज्या दिवसांत पिण्याचे पाणीसुद्धा टँकरने येत होते, त्या दिवसांत काँक्रीटच्या वाट्याला गोडे पाणी किती आले असेल आणि मचूळ बोअरवेलचे किती, खाडीची रेती धुऊन किती घेतली असेल आणि न धुता किती, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत गज घातलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे म्हटले आहे. किनाऱ्यावरच्या उघड्या बांधकामात गजावर निदान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे, असेही सांगितले आहे. आम्ही पाहिलेल्या कित्येक फुटक्या सज्जांत हे आवरण अंगठ्याच्या नखाएवढेही नव्हते.

येथे कोणीतरी हटकून वसईच्या किल्ल्याकडे बोट दाखवतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात उभारलेल्या, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या तोफा सोसलेल्या भिंती अजून उभ्या आहेत आणि आमची कालची इमारत का गळते, असा त्याचा प्रश्न असतो. उत्तर साधे आहे. त्या भिंतींच्या पोटात गंजायला लोखंडाचे गज नाहीत. शिवाय चुन्यातील बारीक भेगांत पाणी शिरले की विरघळलेला चुना पुन्हा तेथेच धरून भेग काही अंशी आपोआप भरते. मात्र जुने ते सारे सोने म्हणणाऱ्यांनी त्याच किल्ल्यातील चर्चमध्ये उभे राहून वर पाहावे. भिंती आहेत, छप्पर नाही. लाकडी छप्परे देखभालीवाचून केव्हाच गेली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोपडा आला, की आमच्याकडे पहिला उपाय गिलाव्याचा. सुटलेले काढायचे, सिमेंटचा हात मारायचा, वर पुट्टी, वर रंग. सणासुदीला घर स्वच्छ दिसते. दोन पावसाळ्यांनी तोच पोपडा तेथेच, जरा मोठा होऊन येतो. हल्ली त्यावर आणखी सोपा उपाय निघाला आहे: पांढऱ्या प्लास्टरचे खोटे छत लावून घ्यायचे. त्यात दिवे शोभतात आणि वरचा स्लॅब कायमचा दृष्टीआड होतो. गळती वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून, आणि रंगारी खालच्या दिवाणखान्यात. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आमच्या गृहनिर्माण संस्थांनी अक्षरशः खरी करून दाखवली आहे.

कच्च्या भिंतीला वरून सफेदी फासणाऱ्यांना यहेज्केल प्रवाद्याने फार कठोर शब्दांत फटकारले आहे. तेथे भिंत ही उपमा आहे, बोलणे खोट्या संदेष्ट्यांविषयी आहे. आमच्या काळात मात्र उपमेचा मूळ पदार्थच डोक्यावर लोंबकळत असल्याने तो उतारा शब्दशः वाचायला हरकत नाही. तरीही सगळा गिलावा म्हणजे खोटेपणा, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याकडे यंदा तेवढेच पैसे आहेत, त्याने पोराबाळांच्या डोक्यावर खपली पडू नये म्हणून सुटलेले काढून तात्पुरता हात मारला, तर त्यात पाप कसले? प्रश्न निर्माण होतो तो त्यानंतर. आपण तात्पुरते केले आहे, हे तो स्वतः विसरला का? आणि दुसऱ्याला सांगायचे टाळले का?

सेमिनरीत शिकत असताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांच्या सुम्मा थिऑलॉजिका या तेराव्या शतकातील ग्रंथात विक्रीव्यवहारातील नीतीचे प्रकरण वाचले होते. विकणाऱ्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे का, असा तेथे प्रश्न आहे. त्यांचे उत्तर मोठे समतोल आहे. दोष उघड असेल तर तो ओरडून सांगण्याचे बंधन नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान होण्याचा किंवा त्याच्या जिवाला धोका पोहोचण्याचा संभव असेल, तर सांगणे हे कर्तव्य आहे आणि न सांगणे ही फसवणूक आहे. अशा दोषांच्या उदाहरणांत त्यांनी मोडकळीस आलेले घर घातलेले आहे, हे आज आम्हांला विशेष वाटते. हा नियम आमच्या पोपड्याला लावून पाहू. पोपडा उघडा होता, गज दिसत होता, तोवर घर पाहायला आलेला माणूस मान वर करून तो पाहू शकत होता. गिलावा करून, रंग देऊन आपण जो दोष उघड होता तो लपलेला केला. म्हणजे सांगण्याचे जे बंधन कालपर्यंत नव्हते, ते थापीच्या त्या फटकाऱ्याने उत्पन्न झाले. खोली विकायची म्हणून रंगवणाऱ्याने, भाड्याने द्यायची म्हणून खोटे छत लावणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. "रंग दिलाय, तेवढं घर नीट दिसतं," एवढेच बोलून तो मोकळा होऊ शकत नाही. रंगाखाली काय आहे हे त्याने बोललेच पाहिजे, मग भाव खाली आला तरी चालेल.

मग खरी डागडुजी कोणती? जाणते मिस्त्री सांगतात ती अशी. प्रथम खाली टेकू द्यायचे. हातोडीने ठोकून पाहायचे. घट्ट जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. बद्द आवाजाच्या सीमेवर खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेच्या आतले तर सोडाच, पण जरा बाहेरचेही, निरोगी काँक्रीट लागेपर्यंत फोडायचे. गजाच्या मागेही बोट जाईल इतकी जागा मोकळी करायची. गंज घासून काढायचा. गज फार झिजला असेल तर जोडीला नवा गज द्यायचा. गंजरोधक लेप, मग जुन्या-नव्याला सांधणारा लेप, मग पॉलिमर मिसळलेले मॉर्टर. आणि हे सारे करण्याआधी पाणी कोठून येते ते शोधून बंद करायचे. घरमालकाला यातले पहिले दोन दिवस फार जड जातात, कारण चांगले दिसणारे छत त्याच्या डोळ्यांदेखत फुटत असते आणि खड्डा मूळ पोपड्याच्या चौपट झालेला असतो. मिस्त्री काम वाढवून ठेवतो आहे, असा संशय याच वेळी येतो. कधी तो खराही असतो. म्हणूनच तोडण्याचा सल्ला देणारा आणि तोडण्याचे पैसे घेणारा माणूस एक नसावा, एवढी दक्षता घेतली पाहिजे.

यापुढे एक गोष्ट आहे, ती कळल्यापासून आम्ही तिचा वारंवार विचार करीत आलो आहोत. मिठाने भरलेल्या स्लॅबमध्ये जेथे गज गंजत असतो, तो भाग आपल्या शेजारच्या गजाला विजेच्या सूक्ष्म प्रवाहाच्या योगे काही काळ राखत असतो. स्वतः झिजतो, शेजारी वाचतो. आता आपण तेवढाच गंजलेला भाग काढून तेथे ताजे, निर्मळ काँक्रीट भरले, तर झिजणारा गेला; मग ठिगळाच्या कडेचा, आजवर धडधाकट असलेला गज गंजू लागतो. काही वर्षांनी ठिगळ शाबूत आणि भोवती नव्या भेगांचे कडे, असे दृश्य दिसते. यावर उपाय आहेत. जस्ताचे तुकडे गजाला बांधून झिजण्याचे काम त्यांच्याकडे देतात. परंतु तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. रोग सर्वांगात भिनलेला असता एकाच अवयवाची दुरुस्ती केली, तर तिचा भार शेजाऱ्यावर पडतो. चौथ्या मजल्यावरच्याने आपल्या पुरते केले आणि संस्थेने पुढच्या वर्षावर ढकलले, तर काम झाले असे समजणे ही भाबडी समजूत आहे.

एकंदर इमारतीचे काय करावे, यासंबंधी आम्हांला जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायाची आठवण होते. तेथे घराच्या भिंतीला लागलेल्या चट्ट्यांविषयी सविस्तर विधी आहे. मालकाने स्वतः येऊन आपल्या घरात काहीतरी चट्टा दिसतो, असे याजकाला सांगायचे. याजकाने आत पाऊल टाकण्यापूर्वी घर रिकामे करवून घ्यायचे, म्हणजे आतल्या वस्तू अशुद्ध ठरून गरिबाचे नुकसान होणार नाही. मग पाहायचे: चट्टे हिरवट वा तांबूस आहेत का, आणि ते भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा खोल गेले आहेत का. घर सात दिवस बंद ठेवायचे. रोग पसरला असेल तर तेवढे दगड काढून नगराबाहेर टाकायचे, आतून सर्व बाजूंनी खरवडायचे, दुसरे दगड बसवायचे, नवा गिलावा करायचा. एवढे करूनही रोग परत आला, तर घर पाडायचे. दगड, लाकूड, गिलावा सगळे बाहेर न्यायचे. आला नाही, तर घर शुद्ध जाहीर करायचे. प्राचीन ग्रंथातून आधुनिक विज्ञान काढून दाखवण्याची जी चढाओढ सध्या सर्वच धर्मांत चालू आहे, तिच्यात आम्हांला भर घालायची नाही. त्या घरांत काँक्रीट नव्हते आणि तो रोग बहुधा बुरशीचा असावा. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो पायऱ्यांचा क्रम. आधी कबुली, मग तपासणी, मग प्रामाणिक डागडुजी, मग वाट पाहणे, आणि या सगळ्यानंतर पाडणे. आमच्याकडे महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करतात तीही याच अंगाने जाते: सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

परंतु पहिली पायरीच आमच्याकडे अडते. मालकाने स्वतः येऊन सांगायचे, असे त्या ग्रंथात आहे. आमचा मालक कोण? चार मजली इमारतीतला कॉलम पायापासून गच्चीपर्यंत एकच असतो. तो तळमजल्यावरच्या दुकानाच्या भिंतीत दडलेला असतो, पहिल्यावरच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतो, दुसऱ्यावर कोणाच्या तरी कपाटामागे असतो. करारपत्रात प्रत्येकाने चौरस फूट विकत घेतलेले असतात. कॉलम कोणीच विकत घेतलेला नसतो आणि उभे सर्व त्याच्यावर असतात. 'माझे घर' हा शब्द येथे अर्धाच खरा आहे. मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी सिद्धिसाई ही चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा तळमजल्यावरच्या नूतनीकरणात आधाराच्या भागांना हात लावला गेला, असा आरोप झाला होता. त्यातले न्यायालयीन सत्य न्यायालयाने पाहावे. पण ती बातमी वाचून आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर एकदा फेरी मारून आलेले रहिवासी किती असतील?

"बिल्डरने खाल्ले, आम्ही का भरावे?" हा प्रश्न सभेत उठतो तेव्हा तो खोटा नसतो. मीठ त्याने घातले, आवरण त्याने वाचवले, आणि तो केव्हाच दुसऱ्या गावी नवी योजना घेऊन गेला. दोष आणि देणे या दोन गोष्टी येथे वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. दोषाचा विचार मागे पाहतो: कोणी केले, शिक्षा कोणाला? देण्याचा विचार पुढे पाहतो: उद्या या छताखाली कोण झोपणार, आणि ते राखण्याची शक्ती कोणाकडे आहे? बापाने केलेले कर्ज मुलाने फेडण्यात मुलाचा गुन्हा नसतो. पण मूल त्या घरात राहते. दोषी सापडेपर्यंत आम्ही गजाला हात लावणार नाही, हा युक्तिवाद न्यायाच्या भाषेत असला तरी गंज त्याची वाट पाहत नाही. गच्चीच्या गळतीने वरच्या मजल्याचे छत बिघडले तर ते संस्थेने सर्वांच्या खर्चाने दुरुस्त करावे, असे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही आहे. तरी 'गच्ची वरच्यांची' हे वाक्य दर सभेत ऐकू येतेच. आणि बिल्डरवरचा दावा? तो जरूर लढवावा. डागडुजी केली म्हणून त्याला माफी दिली, असे होत नाही.

हे सगळे किती निकडीचे आहे, ते २०२५ च्या ऑगस्टने आम्हांला दाखवले. २६-२७ तारखेच्या मध्यरात्री विरार पूर्वेला विजय नगरातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग कोसळला. एका बालिकेचा पहिला वाढदिवस त्या रात्री तेथे साजरा होत होता. १७ माणसे गेली; ती बालिका आणि तिची आई त्यांत होत्या. इमारत २०१२ च्या सुमाराची, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांची, आणि महापालिकेच्या म्हणण्याप्रमाणे अनधिकृत. कोसळण्याची तांत्रिक कारणमीमांसा करणे हे आमचे काम नव्हे. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. इमारत १५ वर्षांची झाल्यावर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांची झाल्यावर दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. म्हणजे १५ वर्षांपर्यंत काँक्रीट प्रामाणिक असेल, हे त्या नियमाने गृहीत धरले आहे. तेराव्या वर्षी पडलेली इमारत त्या नियमाच्या कक्षेतच येत नव्हती. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ जण दगावले, तिलाही बांधून दहा वर्षे झालेली नव्हती. कॅलेंडरपेक्षा आपल्या छताकडे पाहून तपासणीचे वर्ष ठरवणे, हे यावरून आम्हांला शहाणपणाचे वाटते.

"धोका आहे तर सोडा इमारत," असे सांगणे फार सोपे आहे. ज्याने आयुष्याची कमाई घालून अनधिकृत इमारतीत एक खोली घेतली, ज्याच्या नावावर धड कागद नाही, त्याने जायचे कोठे? एकदा दार ओढून बाहेर पडलो की पुन्हा आत येता येणार नाही आणि हक्कही राहणार नाही, ही भीती त्याला सज्जाच्या भेगेपेक्षा मोठी वाटते; आणि आमच्या शहरांचा अनुभव पाहता ती भीती निराधार आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. म्हणून ज्यांच्याकडे जागा आहे, मग ती महापालिका असो, शाळा असो की धर्मग्रामाचे सभागृह असो, त्यांनी दुरुस्तीच्या चार महिन्यांपुरते छप्पर देऊ केल्याशिवाय धोक्याची सूचना नुसती दारावर चिकटवणे हे कर्तव्य निम्म्यावर सोडून देणे होय. लेवीय ग्रंथातल्या याजकाने आधी त्या माणसाची भांडीकुंडी बाहेर काढायला सांगितली होती, हे विसरता कामा नये.

याच्या उलट टोकालाही एक अनीती आहे आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. दुरुस्त होण्याजोगी इमारत मुद्दाम दुरुस्त न करणे. पुनर्विकासात मोठी खोली मिळेल, वर काही रक्कम मिळेल, म्हणून गच्चीची गळती चालू ठेवायची, देखभालीचा निधी अडवायचा, आणि इमारत सी-१ मध्ये जाण्याची वाट पाहायची. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. बहुमताचा नियम व्यवहारात आवश्यक आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण उरलेल्या ४९ टक्क्यांत एखादी एकटी वृद्धा असते. तीन वर्षे भाड्याच्या घरात काढून परत येण्याइतके आयुष्य तिच्याकडे आहे की नाही, हे मतपत्रिकेत लिहिलेले नसते. जेथे अभियंता प्रामाणिकपणे दुरुस्ती शक्य आहे म्हणतो, तेथे तिच्या शब्दाला एका मतापेक्षा अधिक वजन असावे असे आमचे मत आहे. जेथे तो अशक्य म्हणतो, तेथे तिची समजूत घालावी लागेल, तिला हाताला धरून बाहेर आणावे लागेल.

घराबाहेरच्या काँक्रीटसंबंधी थोडे बोलले पाहिजे. तेथे जिवाचा प्रश्न नसल्याने निवड मोकळी असते. गावठाणातल्या अंगणात आंब्याच्या मुळाने कोबा उचलला, की कोबा पुन्हा घालावा की आंबा तोडावा, असा वाद घरात रंगतो. पुन्हा घालूच नये, हा तिसरा पर्याय कोणाच्या मनात येत नाही. काही वर्षांपूर्वी आमची अंगणे मातीची होती, पागोळ्यांचे पाणी जागीच मुरत होते, वाडीच्या कडेला बावखल होते आणि विहिरीला गोडे पाणी होते. बावखले बुजवली, अंगणे फरसबंद केली, आणि विहीर मचूळ झाली म्हणून आता खंत करीत बसतो. जुलै २०१८ च्या पुरात कित्येक वस्त्यांतून दिवस-दिवस पाणी हलले नाही, त्याला कारणे अनेक. आमचे कोबे हे त्यांतले एक लहानसे कारण तरी खासच होते. शिवाय जगात माणूस जितका कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातील सात-आठ टक्के एकट्या सिमेंटनिर्मितीतून येतो. तेव्हा जेथे घरच्या वृद्धांना पाय घसरण्याची भीती आहे, जेथे चाकाची खुर्ची जायची आहे, तेवढी पायवाट नीट खणून, खाली खडी ठोकून, नव्याने करावी. बाकीचा फुटका कोबा उचलून माती मोकळी करावी.

आणि जेथे नवे काँक्रीट घालायचेच, तेथे त्यावर पाणी मारण्यात कसूर करू नये. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि आज दुकानात बहुधा मिळते त्या राखमिश्रित सिमेंटला निदान १० दिवस काँक्रीट ओले राहिले पाहिजे, असे मानक सांगते. नाही तर वरचा थर सच्छिद्र राहतो आणि मिठाला पुन्हा वाट मिळते. गवंडी तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलेला असतो. सातव्या, आठव्या, नवव्या दिवशी गच्चीवर चढून गोणपाट ओले कोणी करायचे, त्या माणसाचे नाव खर्चाच्या अंदाजपत्रकाबरोबरच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.